गाडगेबाबा आणि मालकीचा प्रश्न

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आणि फुटके गाडगे आठवते. पण जमीन-जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यांनी लहानपणीच भोगला होता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या शेतात डेबूजी राबला.

इंग्रजांनी वऱ्हाडात जमीन मोजून खातेदाराच्या नावे लावली होती. नावावर आलेली जमीन गहाण पडू लागली, कर्जात जाऊ लागली. मामाचे शेतही तसेच सावकाराकडे गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी आडवा गेला. घाम कुणब्याचा आणि मालकी कागदाची, हा व्यवहार त्याला तेव्हाच कळला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. लोकवर्गणीतून ऋणमोचनचा घाट, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूरच्या धर्मशाळा उभ्या केल्या. यातले काहीच स्वतःच्या नावावर घेतले नाही, वारसांचाही हक्क ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे दिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आपल्या चांदूर बाजार तालुक्यातील नागरवाडीचा आश्रम आजही त्यांच्या कामाची आठवण देतो.

बाबासाहेब याच प्रश्नाला कायद्याने भिडले. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४७ मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामूहिक कसावी, अशी योजना संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी लिहिली. एकाने वर्गणीतून आणि दुसऱ्याने कायद्यातून, पण दोघांनीही मालकी एका माणसाच्या मुठीतून सोडवायचा प्रयत्न केला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ गाडगेबाबा गेले.

मित्रांनो, गावोगावी आपण वर्गणीतून विहारे बांधतो. पण जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, हे किती जणांनी पाहिले? एका माणसाच्या नावावरचे विहार उद्या त्याच्या वारसांच्या वाटणीत जाऊ शकते. नुसता ट्रस्ट करूनही भागत नाही. विश्वस्त कोण, हिशेब कोणापुढे मांडला जातो, महिलांना त्यात जागा आहे का, हेही विचारा. येत्या २० डिसेंबरला खराटा जरूर हाती घ्या, पण त्याआधी आपल्या विहाराचा उतारा काढून पाहा.