ज्ञानकोशकार केतकर

ज्वालामुखी कसा होतो, वीज कशी निर्माण करतात, जपानातील लोक कसे राहतात, हे प्रश्न कोणत्याही चौकस मुलाच्या मनात येतात. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा यासारख्या गावातील मुलालाही आज त्यांची उत्तरे मराठीतून मिळू शकतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. जगातील बहुतेक नवी विद्या इंग्रजी ग्रंथांत होती आणि इंग्रजी शिकण्याची सोय थोड्यांनाच लाभत असे. ज्याला केवळ मराठी येत होते, त्याला ज्ञानाचे हे दार बंदच होते. ते उघडण्याचे काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अंगावर घेतले.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. हे शहर आज छत्तीसगड राज्यात आहे. नागपूरहून गोंदियावरून जाणारा लोहमार्ग तेथे पोहोचतो. केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकले. तथापि, त्यांची ज्ञानाची भूक तेवढ्याने भागली नाही. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व तेथील कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास करू लागले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९११ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. त्यानंतर काही काळ इंग्लंडमध्ये राहून ते १९१२ साली मायदेशी परतले.

एवढ्या विद्वान मनुष्यास सुखाची नोकरी मिळवून स्वस्थ राहता आले असते. परंतु केतकरांच्या मनाने वेगळाच ध्यास घेतला होता. सर्व विद्यांची माहिती एकत्र देणारा ज्ञानकोश मराठीत व्हावा, असे त्यांना वाटत होते. इंग्रजीत असा ग्रंथ होता. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या कोशाची १९१० ते १९११ या काळात निघालेली आवृत्ती २९ खंडांची होती. सुमारे दीड हजार लेखकांनी ती सिद्ध केली होती आणि तिच्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा होती. मराठीत यांपैकी काय होते? द्रव्य नव्हते, शास्त्रीय विषयांवर लिहिणारे लेखक थोडे होते आणि अनेक शास्त्रीय कल्पनांना मराठीत शब्दही नव्हते. असे असता वीस-बावीस खंडांचा ग्रंथ उभारू पाहणे, म्हणजे टिटवीने समुद्र आटविण्यास निघण्यासारखेच होते.

केतकरांनी प्रथम पैशाचा विचार केला. कोणा एका राजाच्या किंवा धनिकाच्या कृपेवर हे काम सोडावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. १९१६ च्या सुमारास नागपूर येथे त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित भांडवलाची कंपनी स्थापन केली. तिचे भाग विकण्यासाठी व ग्राहक मिळविण्यासाठी ते गावोगाव हिंडले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. कागद महागला होता. ग्रंथ अजून लिहावयाचा होता आणि त्यासाठी लोकांजवळ पैसे मागावयाचे होते! ज्यांनी विश्वासाने पैसे दिले, त्यांच्या हाती वेळेवर खंड देणे हे आता केतकरांचे कर्तव्य ठरले.

पुढे मंडळाचे कार्यालय पुण्यास हलविण्यात आले आणि १९२० साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. आरंभीचे पाच खंड प्रस्तावनेचे होते. त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धाच्या पूर्वीचे व नंतरचे जग आणि विज्ञानाचा इतिहास हे विषय होते. सहाव्या खंडापासून अकारविल्ह्याने लेख सुरू झाले.

येथे कामाची खरी कसोटी होती. साध्या ग्रंथात एखादे प्रकरण मागे राहिले, तर पुढचे आधी लिहिता येते. अकारविल्ह्याने छापावयाच्या कोशात तशी सवलत नसते. ‘क’ या अक्षराचा एक लेख अपुरा राहिला, की त्यापुढील सर्व छपाई अडून बसते. त्या काळी शिशाचे खिळे हाताने जुळवून पाने छापीत असत. छापून झालेल्या पानांचे खिळे सोडवून तेच पुढील पानांस वापरावे लागत. म्हणून लेखकाने लेख द्यावा, संपादकाने तो तपासावा, जुळाऱ्याने खिळे जुळवावेत आणि मुद्रिते वाचून चुका दुरुस्त कराव्यात, हे चक्र अखंड फिरत राहणे आवश्यक होते. त्यातील एकही माणूस थांबला, तर सर्वांचेच काम थांबणार होते.

केतकरांनी हे चक्र थांबू दिले नाही. त्यांनी तरुण सहकारी जमविले आणि त्यांना कोशाचे काम शिकविले. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे त्यांच्या सहकाऱ्यांपैकीच होत. १९२० साली केतकरांचा विवाह ईडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी झाला. त्या शीलवतीबाई झाल्या आणि ओढाताणीच्या संसारात त्यांनी पतीला साथ दिली. वर्षाला सरासरी दोन-तीन, अशा गतीने खंड बाहेर पडत राहिले. ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंतचे लेख एकविसाव्या खंडात संपले. त्यानंतर सूचीचा व हिंदुस्थानविषयक खंड होऊन तेवीस खंडांचे हे प्रचंड कार्य सुमारे बारा वर्षांत तडीस गेले.

एवढ्या त्वरेने झालेल्या कामात काही उणिवा राहणे स्वाभाविक होते. परंतु पूर्ण झालेल्या ग्रंथातील चूक पुढच्या पिढीला सुधारता येते. कधीच पूर्ण न झालेल्या ग्रंथाचा उपयोग कोणालाच होत नाही. केतकरांना हे पक्के ठाऊक असावे.

या कामाने केतकरांना संपत्ती दिली नाही. त्यांचे पुढील आयुष्यही पैशाच्या चणचणीत गेले. तरी त्यांची लेखणी थांबली नाही. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

केतकरांनी तयार केलेली माणसे मात्र काम करीत राहिली. दाते व कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. केतकरांचा ज्ञानकोश तर आता संगणकावरही वाचावयास मिळतो. डोंगराएवढे काम पाहून जो भिऊन बसतो, त्याला ते अशक्यच वाटते. जो त्याचे लहान लहान भाग पाडून आजचा भाग आजच पुरा करतो, त्याच्या हातून ते एके दिवशी पुरे होते. केतकरांच्या नावामागे लोकांनी ‘ज्ञानकोशकार’ ही पदवी प्रेमाने जोडली, ती याच चिकाटीची पावती होय.