ऑपरेशन केलेले चारही पेशंट दगावले, तरी लिव्हरच्या सर्जनना आजही डॉ. प्रिंगल यांचीच युक्ती लागते

काही लोकांच्या लिव्हरमध्ये पाण्याने भरलेल्या गाठी होतात. एक-दोन नाही, ढिगाने. या आजाराला पॉलिसिस्टिक लिव्हर डिसीज म्हणतात.

बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण काहींचं लिव्हर इतकं वाढतं की दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होतं, धाप लागते. मग सर्जन गाठींचं वरचं आवरण कापून पाणी काढतात, किंवा गाठींनी भरलेला लिव्हरचा भागच काढून टाकतात. तेही जमणार नसेल तर ट्रान्सप्लांट.

यात मोठी भीती असते रक्तस्रावाची. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. त्यात गाठींमुळे रक्तवाहिन्या जागच्या सरकलेल्या असतात.

हे रक्त थांबवायचं कसं, ते दाखवलं जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी.

प्रिंगल यांचा जन्म १८६३ चा, ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाचा. वडीलही सर्जन. जंतुनाशक वापरून ऑपरेशन करण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत ऑस्ट्रेलियात सुरुवातीला वापरणाऱ्यांपैकी ते एक. मुलगा एडिंबरात डॉक्टर झाला आणि पुढे ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन म्हणून लागला.

तेव्हाचं ग्लासगो म्हणजे जहाजं आणि कारखान्यांचं शहर. अपघातात लिव्हर फाटलेले पेशंट यायचे. पोट उघडलं की सगळीकडे रक्तच रक्त, कुठून येतंय तेच दिसायचं नाही.

प्रिंगल यांची युक्ती अशी: नळ फुटला तर आपण आधी मेन कॉक बंद करतो, तसंच. लिव्हरकडे जाणारी धमनी आणि पोर्टल व्हेन एकाच पट्ट्यातून जातात. तो पट्टा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबला, की रक्त थांबतं आणि टाके घालायला वेळ मिळतो.

१९०८ मध्ये त्यांनी आठ पेशंटची माहिती छापली. तिघं ऑपरेशनआधीच गेले, एकाने ऑपरेशनला नकार दिला. उरलेल्या चौघांपैकी दोघं टेबलवरच गेले आणि दोघं नंतर.

दुसऱ्या कुणी हे आकडे कपाटात ठेवले असते. प्रिंगल यांनी ते जसेच्या तसे मांडले, कारण चिमटीने रक्त थांबतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग सशांवर प्रयोग करून त्यांनी ते पुन्हा तपासलं.

१९१३ मध्ये त्यांनी धमनीच्या जागी पेशंटचीच शीर जोडण्याच्या ऑपरेशन्सची माहितीही छापली. १९४१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता बोटांऐवजी क्लॅम्प किंवा पट्टी लावतात. साधारण १५ मिनिटं रक्त बंद, मग ५ मिनिटं सुरू, म्हणजे लिव्हरला इजा कमी होते. लिव्हरमधून हृदयाकडे जाणाऱ्या शिरांचं रक्त मात्र याने थांबत नाही, ते वेगळं सांभाळावं लागतं.

पॉलिसिस्टिक लिव्हरचा भाग कापताना रक्त वाढलं, तर सर्जन हाच मेन कॉक बंद करतात. जगभरात त्याचं नाव एकच आहे, प्रिंगल मॅन्युव्हर.