गोचीड, माकड आणि सलीम अली

करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. या भागात पाऊस कमी आणि जमीन हलकी. इथले माळरान उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ओसाड वाटते. पण माळावर गवत असते, गवतात नाकतोडे असतात आणि नाकतोडे खाणारा माळढोक याच गवताच्या आधाराने जगत आला. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा करमाळा तालुक्याचा भागही त्यात होता. हा पक्षी देशाचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा आग्रह धरणारे होते डॉ. सलीम अली. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणती, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रहही त्याला दाखवला. तिथून पुढे पक्षी हेच त्याचे आयुष्य झाले.

वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला जाऊन शिक्षण घेतले, पण १९३० मध्ये परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झाली होती. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. पावसाळ्यात तिथे सुगरणींची वसाहत भरली. शिडीवर बसून त्यांनी त्यांची दिनचर्या टिपली. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. मेलेला पक्षी मोजण्याऐवजी जिवंत पक्षी पाहायचा, ही त्यांची पद्धत इथे पक्की झाली. १९३९ मध्ये एका लहान शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि ते घरोघरी पोहोचले.

वैद्यकाशी त्यांचा संबंध आला तो १९५७ नंतर. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप व रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तर तो आणला नसेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी काम हाती घेतले. जाळ्यांत पक्षी धरायचे, गोचिडी काढायच्या, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडून द्यायचे. हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा हाती लागला नाही. मात्र कोणता पक्षी कुठून येतो, हे ज्ञान देशाला मिळाले.

हा विषाणू उंदीर, माकडे आणि गोचीड यांच्यात फिरतो. माणूस जंगल तोडतो, गुरे आत चारतो. गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढतात आणि त्यांच्या तोंडी माणूस सापडतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. महाराष्ट्रात सिंधुदुर्गात माकडताप आला तो याच मार्गाने. म्हणून मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे. जंगलात जाताना अंगभर कपडे घालायचे, परतल्यावर अंग तपासून अंघोळ करायची.

पृथ्वीवर जिथे जिथे सजीव आहेत, तो माती, पाणी, हवेचा थर म्हणजे जीवावरण. त्यातला कोणीही एकटा जगत नाही आणि एकटा आजारीही पडत नाही. सलीम अली २० जून १९८७ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. पुरस्कारात मिळालेली मोठी रक्कम त्यांनी आपल्या संस्थेलाच दिली होती. ज्या माळढोकसाठी ते झगडले, तो आज देशभरात दीडशेहूनही कमी उरल्याचा अंदाज आहे आणि सोलापूरच्या माळावर क्वचितच दिसतो. माळ नांगरला की गवत जाते, गवताबरोबर नाकतोडे जातात. माळढोक त्यांच्या मागोमाग जातो, हे ओळखायला पक्षीतज्ज्ञ असावे लागत नाही.