ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक : चुलीपाशी घडलेले शिष्यत्व

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात प्रभूने आपल्या अकरा शिष्यांस जी आज्ञा केली, ती आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु ती ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे प्रवासाचे चित्र उभे राहते. कोणी उपदेशक पुस्तकांचे गाठोडे काखेस मारून परगावी निघाला आहे, असेच आपणांस वाटते. आमच्या हातकणंगल्याच्या आसपासच्या मंडळ्यांत फिरताना आम्हांस असे पुष्कळदा आढळते की, ही आज्ञा पाळकांची व बायबलबाईंची आहे. उसाच्या फडात राबणाऱ्याची किंवा चूल सांभाळणाऱ्या बाईची नव्हे, अशी भाविक मंडळींची प्रामाणिक समजूत असते. सेमिनरीत असताना आम्हांस शिकविण्यात आले की, मूळ ग्रीक वाक्यात मुख्य आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते शिष्य करण्याचे आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे व शिकविणे ही त्याला जोडून आलेली पदे आहेत. तेव्हा किती कोस गेलो ह्याचा हिशेब प्रभू मागत नाही. ओसरीवरून माजघरात जाणे हेही जाणेच होय. आणि आमच्या अनुभवाप्रमाणे तोच प्रवास सर्वांत अवघड असतो.

हा प्रवास एका घराने कसा केला, हे समजावे म्हणून आज लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर गावी गोखले ह्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका; घरी सर्व मनू म्हणत. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांस फाशी झाली होती. त्या प्रसंगाचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनास असा बसला की, सोवळे हेच त्यांचे सर्वस्व होऊन बसले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून त्या घरात येत नसे. कोणाची सावली पडली, कोणाचा पदर लागला, ह्या धाकात घरची बायकामुले वाढली. हे आम्ही कोणास हसण्यासाठी सांगत नाही. माणूस दुःखाने व भयाने घेरला गेला म्हणजे तो एखाद्या नियमाचा आसरा धरतो, आणि मग तो नियमच त्याला धरून ठेवतो. असे कोणत्याही घरात व कोणत्याही धर्मात घडते. पुढे लक्ष्मीबाईंना जे सोडावे लागले ते किती खोल रुजलेले होते, हे कळावे इतक्याचसाठी ही हकिकत सांगितली.

1880 साली त्यांचे लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाले. टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले होते. ते बुद्धीने तेजस्वी, संस्कृताचे जाणकार, वाणीने रसाळ. परंतु एका जागी टिकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मनास येईल तेव्हा ते घर सोडून निघून जात, आणि महिनेच्या महिने पत्ता लागत नसे. रागही मोठा होता. हातात पैसा आला की तो वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजवंताचा होई आणि घरी चूल थंड राही. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती; जे लिहावाचावयास आले ते संसाराच्या धबडग्यात आले. 1891 साली पुत्र दत्तू ह्याचा जन्म झाला, तोपर्यंत ह्या माउलीने मुलांच्या मरणाचे दुःखही सोसले होते.

1893 साली आगगाडीच्या प्रवासात टिळकांस एक युरोपियन गृहस्थ भेटले व त्यांनी नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. टिळक ती वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे मन तेथेच गुंतले. दोन वर्षे हा झगडा चालला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता आपल्या देशी पाळकाच्या हातून घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथवरची कथा आपण अनेकदा ऐकली आहे, आणि बहुधा आपण येथेच थांबून देवाचे आभार मानतो. परंतु त्याच दिवशी दुसऱ्या एका घरात काय झाले, इकडे आपले लक्ष जात नाही. लक्ष्मीबाईंस ही बातमी कळली तेव्हा त्यांच्या पायांखालची भूमी सरकली. नवरा जिवंत असून त्या निराधार झाल्या. विधवेचे दुःख लोकांस समजते, त्याला काही रीतभात असते. ह्या दुःखाला नावही नव्हते. त्या जिवाचे काही बरेवाईट करतील, अशी घरच्यांस धास्ती पडली. त्यांच्या बहिणीच्या घरच्या पेंडसे मंडळींनी त्यांना व लहानग्या दत्तूला सांभाळले. पुढे त्यांच्याबरोबर लक्ष्मीबाई पंढरपुरास राहिल्या. आपल्या हातकणंगल्याहून मिरजेवरून जी वाट पंढरीस जाते, त्या वाटेच्या टोकाशी, विठ्ठलाच्या नगरीत ही बाई रडत दिवस काढीत होती. त्याच दुःखात तिच्या ओठांवर कविता आली.

पेंडसे कुटुंबाविषयी येथे चार शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या लिखाणात कधी कधी अशा नातलगांस विरोधक म्हणून रंगविले जाते. ते न्यायाचे नाही. त्यांनी एका दुःखी स्त्रीला आसरा दिला, तिच्या मुलाला जेवू घातले. ज्याने शेजाऱ्यावर प्रीती केली त्याचे ऋण ख्रिस्ती माणसाने मोकळेपणाने मानावे.

अशी सुमारे साडेचार वर्षे गेली. टिळक पत्रे लिहीत, येऊन भेटत, बोलावीत. पुढे लक्ष्मीबाईंनी मन घट्ट केले व त्या अहमदनगरास आल्या, परंतु आपला धर्म, आपले सोवळे, आपली चूल सोबत घेऊन आल्या. पतीजवळ राहावयाचे, पण त्याच्या ताटाला ताट लावावयाचे नाही, त्याच्या हातचे पाणी घ्यावयाचे नाही, असा तो संसार होता. वाचकहो, एकाच कुटुंबात दोन चुली व दोन पाण्याचे हंडे असल्याची कल्पना करा. टिळक तोवर ख्रिस्ती समाजात नावाजले होते. त्यांच्या वाणीने परकी माणसे हेलावत; आणि घरात पत्नी त्यांच्या भांड्याला शिवत नव्हती.

आता टिळकांनी काय केले? जो माणूस पूर्वी क्षुल्लक कारणाने संतापे, त्याने ह्या बाबतीत बळजबरी केली नाही. पत्नीच्या सोवळ्याची त्यांनी थट्टा करून ते मोडले नाही. उलट तिला आपल्या रीतीने राहता यावे अशी सोय करून दिली. तापटपणा एका दिवसात गेला असे नव्हे. खटके उडत राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे हसत हसत लिहूनही ठेवले. पण ती रोज पाहत होती. हा मनुष्य कोणाला घरात घेतो, कोणाबरोबर जेवतो, स्वतःजवळचे कोणाला देतो, रागावल्यावर पुन्हा कसा नमतो, हे सर्व तिच्या डोळ्यांसमोर चालले होते. टिळकांच्या व्याख्यानाला टाळ्या देणाऱ्या श्रोत्यांना जे दिसत नव्हते ते तिला दिसत होते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी आपल्याशीच विचार केला. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहांतही तो भेद दिसला असता. त्यांना पुरुष आणि स्त्री ह्याहून दुसरा भेद दिसेना. ह्या विचाराचा निकाल लागताच त्यांनी निश्चय केला की, ह्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे. ज्या घरात मीठ धुतले जात होते त्या घरची ती मुलगी! आम्हांस हा प्रसंग मोठमोठ्या सभांहून मोठा वाटतो. तेथे उपदेशक नव्हता, वादविवाद नव्हता. बी कधीच पेरले गेले होते. अंकुर देवाने फोडला. पुढे 1900 साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्यापासून ह्या दिवसापर्यंत पाच वर्षे लोटली होती.

आम्ही स्वतःविषयी एक कबुली देतो. पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत आम्हांस बाप्तिस्म्याच्या वहीतील नावांची संख्या फार प्रिय होती. एखाद्या घरातील कर्ता पुरुष आला की त्याच्यामागून बायकोचे व मुलांचे नाव लिहून टाकावे, तिला काय वाटते ते विचारण्याचे कारण नाही, असे आम्ही धरून चाललो. त्यांपैकी काही माउल्या वर्षानुवर्षे देवळात येऊन बसल्या, पण त्यांचे मन कोठे आहे हे आम्हांस कळले नाही, कारण आम्ही कधी विचारलेच नाही. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचताना आम्हांस लाज वाटली. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहिली. आम्ही पाच आठवडेही पाहिली नव्हती.

लक्ष्मीबाई शिष्या झाल्या, आणि मग घराचे दार उघडले. दुष्काळ व प्लेग ह्यांचे ते दिवस होते. पोरकी मुले, गरीब विद्यार्थी, आश्रयाला आलेली माणसे ह्यांनी टिळकांचे घर भरून जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींची लेकरे त्यांच्या पंक्तीला बसत. टिळक माणसे घेऊन येत. पण त्यांना जेवू घालणे, न्हाऊ घालणे, आजारात उशापायथ्याशी बसणे हे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. पैसा तर पूर्वीप्रमाणेच हातात टिकत नसे. ह्या बाईने किती मुलांना पोटाशी धरले ह्याचे टिपण कोणत्याही अहवालात नसेल. परंतु त्या मुलांनी ख्रिस्ताची प्रीती प्रथम तिच्या हातच्या भाकरीत पाहिली असेल, ह्याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

पुढे 1912 पासून टिळक ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक झाले. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी भजन व कीर्तन हे आपल्या मातीचे वेष दिले. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार ही संस्था आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व चाहते एका बंधुत्वात यावेत, अशी त्यांची मनीषा होती. ती पुष्कळांस रुचली नाही. परंतु ज्याच्या स्वतःच्या घरात बाप्तिस्म्यापूर्वीच एक जीव प्रभूकडे पावलापावलाने आला होता, त्याला अशी संस्था सुचावी ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक प्रभूकडे गेले.

लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. काही काळ त्या पुत्राजवळ कराचीस राहिल्या. टिळकांनी 1909 साली ख्रिस्तायन हे प्रभूचे काव्यचरित्र आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या पत्नीने पुढचे 64 अध्याय रचले, आणि तो ग्रंथ त्यांच्या मागून 1938 साली प्रसिद्ध झाला. 1933 साली नागपुरास भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. 1934 पासून त्यांची स्मृतिचित्रे भागाभागांनी छापली गेली, आणि मराठी भाषेत ह्या आत्मचरित्राला जे स्थान आहे ते सर्व धर्मांच्या वाचकांनी मिळून दिले आहे. त्यात उपदेश फारसा नाही. आपली फजिती, नवऱ्याचा लहरीपणा, रडे आणि हसे जसे घडले तसे सांगितले आहे. साक्ष देणे म्हणजे खरे बोलणे, हे त्या पुस्तकावरून शिकावे. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. जेथून दोन-तीन कोसांवर मनू जन्मली होती, तेथेच त्यांचा प्रवास संपला.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून आम्ही तीन गोष्टी आपल्या मनावर ठेवू इच्छितो. पहिली ही की, शिष्य वादाने होत नाही, सहवासाने होतो. आणि सहवासात आपले दोषही दिसतात, म्हणून ते झाकण्यापेक्षा कबूल करणे बरे. दुसरी ही की, ज्याला बोलवावयाचे त्याला नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. बळाने वाकविलेला माणूस शिष्य होत नाही, तो केवळ वाकलेला असतो. आणि तिसरी ही की, ज्याला आपण घडविले असे आपणांस वाटते, तोच पुढे आपल्याहून लांब जातो. टिळकांचे काम अपुरे राहिले असता ते कोणी पुढे चालविले? ज्या बाईने एके काळी त्यांच्या हातचे पाणी घेतले नव्हते, तिनेच.

आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांत आज एक जण प्रार्थना करतो आणि दुसरा तोंड फिरवून बसतो. त्या घरच्या विश्वासी माणसास आमची विनंती आहे : उसाच्या लागणीला बारा महिने धीर धरता, तेवढा तरी धीर आपल्या माणसासाठी धरा. येत्या रविवारी देवळात येण्यापूर्वी घरातील त्या माणसाजवळ घटकाभर बसा, आणि शिकवू नका, त्याचे ऐका. प्रभू आपणां सर्वांस तेवढी सोशीकता देवो. आमेन.