राणीलाही केस पिकतात

कलप लावायचा की नाही, लावला तर काळाकुळकुळीत की तपकिरी, मेंदीने केशरी झालेले केस बरे की सरळ पांढरेच सोडून द्यावेत... भिशीत, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की दहा बायकांची बारा मतं. मी स्वतः महिन्यातला एक रविवार वाटीत कलप कालवून बसणारी. पण मैत्रिणींनो, पांढरे केस झाकणं ही ज्या बाईच्या बाबतीत चक्क राजकारणाची गोष्ट होती, तिच्याबद्दल आज सांगते.

ही बाई म्हणजे इंग्लंडची राणी एलिझाबेथ. २०२२ साली गेल्या त्या नव्हेत, त्यांनी तर आपले पांढरे केस तसेच ठेवले होते. ही पहिली एलिझाबेथ, चारशे वर्षांपूर्वीची. ३१ डिसेंबर १६०० ला हिनेच ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, म्हणजे आपलाही तिच्याशी संबंध आलाच!

जन्म १५३३ चा. बाप आठवा हेन्री, त्याला हवा होता मुलगा. पोर तीन वर्षांची व्हायच्या आत त्याने तिच्या आईचं, अ‍ॅन बोलीनचं, मुंडकं उडवायला लावलं. पोरीने केस मात्र बापाचे घेतले, तांबूस-सोनेरी. पुढे सावत्र बहीण मेरी गादीवर आली, तिने हिला दोन महिने टॉवरच्या तुरुंगात ठेवलं. १५५८ च्या नोव्हेंबरात मेरी वारली आणि पंचवीस वर्षांची एलिझाबेथ राणी झाली. राज्याभिषेकाला तिने केस मोकळे सोडले होते. आपल्याकडे मोकळ्या केसांनी दारात उभं राहिलं की आजी ओरडायची. तिकडे तेव्हा मोकळे केस ही कुमारिकेची खूण होती. लग्न झालेल्या बायका केस बांधून झाकून ठेवत.

१५६२ मध्ये तिला देवी आल्या. आता राणी जाणार असंच सगळ्यांना वाटलं, पण ती वाचली. तिची सेवा करणाऱ्या लेडी मेरी सिडनीला मात्र तोच आजार जडला आणि तिचा चेहरा पार विद्रूप झाला. पुढे ती दरबारात फारशी मिसळेना. राणीच्या गोष्टीत या बाईला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. दरबाराला काळजी वेगळीच होती. वारस कुठाय? मग लग्न कर म्हणून पार्लमेंट हात धुऊन मागे लागली. परदेशातून स्थळं आली, बोलणी वर्षानुवर्षं चालली, पण हिने लग्न केलं नाही ते नाहीच.

मूल नाही, वारसाचं नाव जाहीर नाही, अशा राणीला म्हातारं दिसून चालत नाही. हे तिने तरुणपणीच पाहिलं होतं. मेरी अंथरुणाला खिळली तेव्हा दरबारी मंडळी एकेक करून हॅटफिल्डला एलिझाबेथच्या दारी येऊ लागली होती. मरणाऱ्या राणीजवळ कोण थांबतंय? म्हणून १५७१ मध्ये कायदाच झाला, राणीनंतर गादीवर कोण याची उघड चर्चा करणं गुन्हा! आता असं तोंडावर कुलूप लावायचं आणि डोक्यावर पांढरे केस मिरवायचे, हे कसं जमणार?

मग आला टोप. आपल्याकडे गंगावन लावतात तसं थोडंथोडकं नव्हे, अख्खं डोकं. १५९७ मध्ये फ्रान्सचा वकील तिला भेटला तेव्हा तिच्या डोक्यावर तांबूस टोप होता, त्यावर सोन्याचांदीच्या टिकल्या आणि खांद्यापर्यंत रुळणाऱ्या दोन बटा. पुढच्या वर्षी एका जर्मन प्रवाशाने तिचे तांबडे खोटे केस आणि काळे पडलेले दात दोन्ही टिपून ठेवले. साखर फार खाल्ल्याने दात असे होतात, असं त्याचं मत. म्हणजे फसत कोणीच नव्हतं! पण टोप डोक्यावर आहे तोवर राणी कामावर आहे, असा सगळ्यांनी मिळून धरलेला समज होता तो.

तो एका सकाळी मोडला. अर्ल ऑफ एसेक्स हा तिचा लाडका सरदार, वयाने तिच्या निम्मा. १५९९ मध्ये तिने त्याला मोठं सैन्य देऊन आयर्लंडचं बंड मोडायला पाठवलं. त्याने बंडखोरांशी परस्पर तह केला आणि हुकूम मोडून घोडा पिटाळत परत आला. २८ सप्टेंबरला सकाळी दहाच्या सुमारास नॉनसच महालात चिखलाने माखलेल्या अंगाने तो थेट राणीच्या शेजघरात घुसला. ती नुकतीच उठली होती. टोप नाही, साजशृंगार नाही, स्वतःचे केस चेहऱ्यावर आलेले. वय ६६.

तुमच्या-माझ्यासारखी किंचाळली असती. ती शांतपणे त्याच्याशी बोलली. बाहेर त्याचं सैन्य उभं आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं ना! तो खूश होऊन कपडे बदलायला गेला. रात्रीपर्यंत त्याला खोलीतून बाहेर पडायची बंदी झाली आणि पुन्हा त्याने तिचं तोंड पाहिलं नाही. १६०१ च्या फेब्रुवारीत त्याने लंडनमध्ये बंडाचा प्रयत्न केला, त्याच महिन्यात त्याचं डोकं उडालं. केस पाहिले म्हणून जीव गेला, असं रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. सेनापती कामगिरी टाकून पळून आला, हे एवढंच पुरेसं होतं. पण ते शेजघर ती विसरली असेल, असंही मला वाटत नाही.

चित्रांचंही तेच. १५९६ मध्ये तिच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला, राणीची न शोभणारी चित्रं शोधून नष्ट करा. चित्रकारांकडे तिच्या तरुण चेहऱ्याचा ठरलेला नमुना असे, त्यावरून नवी चित्रं निघत.

शेवटी रिचमंडच्या महालात तिने औषध नाकारलं, बिछान्यावर झोपायला नकार दिला आणि दिवसच्या दिवस जमिनीवरच्या गाद्यांवर बसून राहिली. राज्याभिषेकाची अंगठी बोटात इतकी रुतली होती की कापून काढावी लागली. २४ मार्च १६०३ ला पहाटे ती गेली. ६९ वर्षांची होती. तिचा प्रधान रॉबर्ट सेसिल १६०१ पासूनच पुढच्या राजाशी, स्कॉटलंडच्या जेम्सशी, गुपचूप पत्रव्यवहार करत होता.

त्याच सेसिलच्या घराण्याच्या वाड्यात, हॅटफिल्डला, तिच्या अगदी अखेरच्या वर्षांत काढलेलं एक चित्र आहे. तिने हातात इंद्रधनुष्य धरलंय, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि तांबूस केस खांद्यावर मोकळे सोडलेत.