नांदायला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाई

अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात एखादी लेक सासर सोडून माहेरी आली की तिला पहिला प्रश्न विचारला जातो, नवरा मारतो का? ती नाही म्हणाली की चारचौघांचा निकाल ठरलेलाच असतो, मग जा आणि नांद! घरातला छळ म्हणजे फक्त मारहाण, हा समज वकिली करताना आम्हाला पदोपदी आडवा येतो. अंगावर वळ नाही म्हणजे छळ नाही, असे मानणाऱ्या या समाजाला सुमारे १४० वर्षांपूर्वी मुंबईतल्या सुतार समाजातील एका तरुणीने कोर्टात उभे राहून उत्तर दिले होते. त्या डॉ. रखमाबाई राऊत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी बाळंतीण झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. ब्राह्मणी रूढीत त्यांच्या वाट्याला केशवपन आणि अंधारी खोली आली असती. परंतु सुतार समाजात पुनर्विवाहाला मुभा होती. जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता लेकीच्या नावे केली आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन नामवंत डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि सुधारक विचारांचे. तरीही बालविवाहाच्या रूढीपुढे हे घर वाकले. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावण्यात आले. दादाजीने घरजावई होऊन शिकावे, असे ठरले होते. इकडे रखमाबाई वयात आल्या, पण कोवळ्या वयात शरीरसंबंध घातक आहे हे जाणणाऱ्या सखाराम अर्जुन यांनी गर्भाधानाला परवानगी दिली नाही. रखमाबाई घरीच ग्रंथालयातली पुस्तके आणून शिकत राहिल्या.

दादाजी मात्र शिकला नाही. आई वारल्यावर तो मामा नारायण धुर्माजी यांच्या घरी राहायला गेला. त्या घरात मामाने दुसरी बाई आणून ठेवली होती आणि मामीने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. वाचकहो, ही मामी या कथेत एका ओळीपुरती येते, पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. घरातला छळ एका बाईपाशी थांबत नसतो. त्या घरात वाढणारा मुलगा बायकोला कसे वागवायचे याचा धडा तिथेच गिरवतो. त्या उंबरठ्याआत येणाऱ्या सुनेला आपले भविष्य सासूच्या आणि मामीसासूच्या डोळ्यांत दिसते. रखमाबाईंना ते दिसले होते.

१८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात पत्नीला नांदायला पाठवण्याचा दावा लावला. दादाजी तोवर कर्जात बुडालेला आणि क्षयाने खंगलेला होता. त्याची प्रकृती, त्याची गरिबी, त्याचे वर्तन ही कारणे रखमाबाईंनी दिलीच. परंतु त्यांचा मूळ मुद्दा फार मोठा होता. ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती, ते आपल्यावर बंधनकारक कसे? सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले होते. लेकीचा हा विजय पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सनातन्यांनी गहजब केला. धर्म बुडाला, अशी ओरड झाली. टिळकांची वृत्तपत्रे दादाजीच्या बाजूने उभी राहिली. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजीने दावा सोडला.

यातली विसंगती पाहा. धर्माच्या नावाने ज्या कायद्याचा जयघोष झाला, तो धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. आणि नांदायला नकार दिल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली होती. भारतात ती १९२३ पर्यंत टिकली.

१८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतून सुरत व राजकोटच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते अडवले गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडले. त्याच बिलाचा एक तुकडा म्हणजे १९५५ चा विवाह कायदा. मे महिन्यात तो लागू झाला आणि २५ सप्टेंबरला रखमाबाईंचे निधन झाले. या कायद्याने घटस्फोट दिला, परंतु क्रूरता हे घटस्फोटाचे कारण व्हायला १९७६ उजाडले. नांदायला बोलावण्याचे कलम ९ तर आजही पुस्तकात आहे. आंध्र हायकोर्टाने १९८३ साली ते घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

रखमाबाई लढू शकल्या, कारण त्यांच्या डोक्यावर आईचे छप्पर होते आणि नावावर मालमत्ता होती. राजूरच्या मजूर बाईकडे यातले काय आहे? ती मार खाऊनही परत जाते, कारण लेकरांना घेऊन रात्री झोपायचे कुठे, हा तिचा प्रश्न असतो. म्हणूनच २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा. या कायद्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ, अपमान आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे. घर कोणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क तिला दिला आहे. आमच्या भागातील महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी भगिनींना १९५५ चा विवाह कायदा लागू नाही, हा कायदा मात्र लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो.

तेव्हा माहेरी आलेल्या लेकीला वळ दाखवायला सांगू नका. तिला आधी घरात घ्या, जेवू घाला, आणि परत जायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्या. रखमाबाईंच्या आईने लेकीला छप्पर दिले, म्हणून देशाला एक डॉक्टर मिळाली. आपल्या वस्तीतल्या अशा किती लेकी आपण पंचांच्या एका वाक्यावर परत धाडल्या, याचा हिशेब समाजाने मांडलाच पाहिजे!