राजहंसाचे गाणे लिहिणारे गदिमा

कै. गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी आजोळी, सांगली जिल्ह्यातील शेटफळे गावी झाला. घर माडगूळचे, मुलूख दुष्काळी. वडील औंध संस्थानात कारकून होते. पगार तुटपुंजा आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मातोश्री बनूताईंनी त्या ओढगस्तीतच संसार रेटला. गजाननाला कविता, नकला, गाणे सारे येई. पण गणिताने दगा दिला आणि मॅट्रिक हुकली. त्या काळी मॅट्रिक नापास मुलाच्या आईला चार बायकांत काय काय ऐकून घ्यावे लागे, हे आपणां भगिनींना सांगायला नकोच!

पोट भरण्यासाठी मुलगा कोल्हापुरास गेला आणि १९३८ च्या सुमारास हंस पिक्चर्समध्ये किरकोळ कामे करू लागला. तेथेच वि. स. खांडेकर यांचा लेखनिक होण्याचे भाग्य लाभले. त्यांचा मजकूर उतरवून घ्यावा आणि त्यांच्याकडची पुस्तके वाचावीत, हेच त्याचे कॉलेज. पुढे १९४७ साली ‘रामजोशी’ चित्रपट आला. कथा, संवाद, गीते गदिमांची. लावण्या तर अशा, की लोकांना त्या जुन्या शाहिराच्याच वाटल्या.

तरीही सिनेमाची गाणी म्हणजे काही खरे काव्य नव्हे, असे म्हणणारे विद्वान होतेच. गदिमा लिहीत राहिले.

बदकांच्या पिल्लांत वाढलेल्या कुरूप पिल्लाचे त्यांचे गाणे आपल्या मुलुंडच्या बालवाड्यांतून अजूनही म्हटले जाते. मूळ गोष्ट डेन्मार्कच्या अँडरसनची, १८४३ सालची. भावंडे हसतात, कोणी खेळायला घेत नाही. आणि एके दिवशी पिल्लू पाण्यात डोकावते तो काय, आपण राजहंस! मला या गाण्यातले एक फार आवडते. हसणाऱ्यांवर ते पिल्लू उलटत नाही, त्यांना हिणवीत नाही. त्याला आपले रूप कळले, एवढे त्याला पुरते. (स्नेहसंमेलनात मात्र प्रत्येकीला आपलेच बाळ राजहंस हवे असते. बदके आणायची कोठून?)

‘गीतरामायणा’तही तेच दिसते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर, सुधीर फडके यांच्या संगीतात, आठवड्याला एक अशी ५६ गीते झाली. कैकेयीच्या मत्सरापायी राज्य गेले, वनवास आला; पण भरत भेटायला येतो, तेव्हा गदिमांचा राम तिला दोष देत नाही, पित्यालाही नाही. उलट भावाचीच समजूत घालतो. जावाजावांच्या, सासूसुनांच्या घरांत हे गीत रेडिओवर ऐकताना कितीजणींचे डोळे पाणावले असतील!

१९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३ साली यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मॅट्रिक हुकलेल्या, सिनेमाची गाणी लिहिणाऱ्या कवीकडे आले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.